डाव्या कुशीवर

सहदेवाच्या घरात निजण्याची दिशा ठरलेली होती. डोके दक्षिणेस, पाय उत्तरेस, आणि दाराच्या बाजूला घरधनी. खोलीचे दार पश्चिमेला असल्यामुळे पश्चिमेची चटई सहदेवाची आणि आतली, भिंतीकडची, बायजाची. दारातून जे काही आत येईल ते प्रथम पुरुषाच्या अंगावरून यावे, एवढाच त्यामागे जुन्या माणसांचा हेतू. सहदेवाचे आजोबा तसेच निजत, वडीलही तसेच. लग्न होऊन आलेली बायजा तीस वर्षे डाव्या कुशीवर, नवऱ्याकडे तोंड करून निजत आली. दिवसभरात राहून गेलेले बोलणे त्या दोन चटयांमधल्या वीतभर जागेत होई आणि बोलता बोलताच कोणा एकाचा डोळा लागे.

मार्गशीर्षापासून बायजाने पाठ फिरवली.

कारण सहदेवाला ठाऊक होते, निदान तसा त्याचा दृढ समज होता. कर्जतहून दहिवली ओलांडून उल्हास नदीच्या काठाने गेले की भाताच्या सखल खाचरांचा पट्टा लागतो. तेथे त्यांचे गाव. त्यांच्या मोठ्या खाचराच्या बांधावर एक रायवळ आंबा होता. बायजाने लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी कुंभिवलीच्या माहेराहून कोय आणून तो लावला होता. माहेरचे मूळ झाड पुढे महामार्गालगतच्या एका कारखान्याच्या कुंपणात गेले आणि नाहीसे झाले. तेव्हा त्या वाणाचे जगात उरले ते एवढे एकच झाड, असे ती म्हणत असे. यंदा दसऱ्यानंतर कापणीचे यंत्र खाचरात उतरवायला वाट मिळेना. बायजा चार दिवस माहेरी गेली होती. सहदेवाने झाड पाडून घेतले.

परत आल्यावर बायजा बांधावर गेली, बुंध्यापाशी उभी राहिली आणि म्हणाली, “झाड कापलंत. सावली कुटं ठेवलीत ती तरी दाकवा.”

बायजा पुन्हा त्या विषयावर बोलली नाही. म्हणूनच पुढे महिन्याभराने तिने पाठ फिरवली तेव्हा, राग उशिरा का होईना पण आला, असे त्याने जाणले.

त्यानंतर जे जे दिसले ते ते त्याने रागाच्याच खाती टाकले. बायजा अर्धी भाकरी ठेवून उठू लागली, तो राग. शेतावरून येताना ती चार पावले मागे राहू लागली; तोही राग. वाक्य अर्ध्यावर सोडून ती ओट्याच्या खांबाला टेकून उभी राही, तेव्हा आपल्याशी बोलणे तिला जड जाते आहे असे त्याला वाटे. तिच्या हातांतल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या, तेव्हा मात्र तो घाबरला आणि खालापूरच्या बाजारातून तिच्या आवडीचे सुके बोंबील घेऊन आला. तिने ते निगुतीने रांधले, त्याला वाढले, आणि स्वतः दोन घास खाल्ले. रागाचा एवढा विस्तार त्याने जन्मात पाहिला नव्हता.

संध्याकाळी तिच्या अंगात बारीक तापाची कसर असे. झोडणीच्या दिवसांत खळ्यावर भाताचा तूस उडतो, त्याने छाती भरली असेल, असे गावच्या डॉक्टरांना वाटले. त्यांनी बायजाला बाकावर निजवून छाती ऐकली, हृदय स्वच्छ असल्याचे सांगितले आणि तोंडाने ओढायचा पंप दिला. बायजाने तो पंप देवळीत ठेवला. ओढून पाहिला होता, उपयोग झाला नव्हता, आणि तसे सांगितले तर पुन्हा दवाखान्यात जावे लागले असते.

फाल्गुन सरता सरता राबाचे काम निघाले. ज्या तुकड्यात रोप टाकायचे त्या तुकड्यावर शेण, पाला आणि गवत यांचे थर अंथरून वर माती पसरतात आणि तो थर पेटवून जमीन भाजून घेतात. त्याला राब म्हणतात. बायजा वाकून पाला पसरीत होती. पाटी रिकामी झाली म्हणून ती सरळ उभी राहिली आणि उभ्या उभ्या कोसळली. दोन श्वासांत तिने डोळे उघडले, पदर झाडला आणि म्हणाली, “उन्हानं झालं.”

मुलगी समिधा पाटी घेऊन शेजारीच उभी होती. ती कर्जतला एका शाळेत शिकवीत असे आणि तिचा स्वभाव आईपेक्षा धीट होता. “सकाळचे साडेआठ वाजलेत, आई. कुठलं ऊन?” ती म्हणाली, आणि बापाकडे वळली. “बाबा, रिक्षा सांगा. आत्ता.”

दहिवलीत डॉक्टर हर्षला यांचा दवाखाना होता. पन्नाशीच्या या बाईंची ख्याती औषधांपेक्षा त्यांच्या ऐकण्याबद्दल अधिक होती. त्यांनी बायजाला निजवून छाती ऐकली. मग उठवून बसवले आणि पुन्हा ऐकली. त्यांची भिवई किंचित वर गेली. पुन्हा निजवले, पुन्हा बसवले. समिधा आणि सहदेव भिंतीशी उभे राहून हे पाहत होते.

“बसवलं की एक आवाज येतो,” डॉक्टर म्हणाल्या, “आणि निजवलं की जवळजवळ नाहीसा होतो. नुसत्या झडपेचा आजार सहसा असा लपंडाव खेळत नाही.” मग त्यांनी कानांतली नळी गळ्यात टाकली आणि विचारले, “बाई, तुम्ही कोणत्या कुशीवर झोपता?”

बायजा पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिली. सहदेवाचा चेहरा लाल झाला.

“डाक्टर, ती घरातली गोष्ट हाय,” तो म्हणाला. “चार म्हैने झालं, माज्याकडं पाठ करून निजते. मीच केलंय तसं. त्याला औषद नाय.”

डॉक्टर हसल्या नाहीत. “पाठ तुमच्याकडे, म्हणजे कूस कोणती?”

सहदेवाने हवेत दोन चटया मांडल्या, दार कोठे ते हाताने दाखवले, डोके दक्षिणेस ठेवले आणि म्हणाला, “उजवी.”

“आणि डावीवर झोपलं तर?”

आता बायजा बोलली. “डावीवर वझं येतं. कुनीतरी छातीत येऊन बसल्यावानी. उठून बसावं लागतं. उजवीवर झालं की सुटतं.”

डॉक्टरांनी तिला बाकावर डाव्या कुशीवर निजवले आणि घड्याळ पाहिले. मिनिट पुरते झाले नाही तोच बायजाच्या खांद्यांची चढउतार वाढली आणि ओठांचा रंग उतरला. डॉक्टरांनी तिला पुन्हा उजवीवर वळवले. श्वास हळूहळू ठिकाणावर आला.

सहदेव भिंतीला टेकला. चार महिने तो ती पाठ पाहत आला होता. त्या पाठीच्या पलीकडे छाती आहे, आणि तिचे काही म्हणणे असू शकेल, हे एकदाही त्याच्या मनात आले नव्हते.

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली आणि त्याच दिवशी पनवेलच्या हृदयरोगाच्या रुग्णालयात पाठवले. तेथे अंधाऱ्या खोलीत बायजाच्या छातीवर थंड लेप लावून तपासणीचे यंत्र फिरवले गेले आणि पडद्यावर तिचे हृदय दिसू लागले. समिधेच्या आग्रहावरून सहदेवालाही आत उभे राहू दिले होते. पडद्यावर करड्या रंगाचे कप्पे मिटत होते, उघडत होते. डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात, दोन कप्प्यांमधल्या पातळ पडद्याला देठाने धरून एक गोळा डोलत होता. हृदय उघडले की तो झडपेच्या दारात उतरे. मिटले की मागे जाई.

सहदेवाला ते तत्काळ कळले. एका खाचरातून दुसऱ्या खाचरात पाणी जायला बांधाला मोरी ठेवतात. तिच्या तोंडाशी कधी शेवाळाचा लगदा एका मुळाने अडकून राहतो. पाणी वाहू लागले की तो मोरीत शिरतो, वरचे खाचर तुंबते आणि खालचे कोरडे पडते. मोरी धडधाकट असते, बांध धडधाकट असतो. तरी पीक जाते.

शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर हर्षद यांनी तिघांना समोर बसवून सांगितले. या गाठीला मिक्सोमा म्हणतात. हृदयाच्या गाठी मुळातच दुर्मिळ. त्यांतल्या त्यांत ही अधिक आढळते.

“गोळीनं विरघळंल?” सहदेवाने विचारले.

“नाही. काढावीच लागते. छाती उघडून, हृदय थोडा वेळ थांबवून, तेवढा वेळ रक्त फिरवण्याचं काम यंत्राकडे देऊन. जिथे देठ रुजला आहे तो पडद्याचा भागही काढायचा आणि तिथे ठिगळ लावायचं.”

“कॅन्सर?” समिधेने विचारले. तो शब्द उच्चारताना तिने आईचा हात धरला होता.

“अशा दिसणाऱ्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. पण काढून तपासल्याखेरीज मी शब्द देणार नाही. धोका निराळा आहे. हिचा कण तुटून मेंदूत गेला तर अर्धं अंग जाईल. झडपेत अडकून बसली तर तेवढाही अवकाश मिळणार नाही. परवाच करू.”

बायजा इतका वेळ ऐकत होती. तिने पदर सारखा केला. “वैशाखात लेकीचं लगीन हाय. मंग करा.”

“सव्वा महिना मी थांबणार नाही, बाई. तुम्हीही थांबू नका.”

“कागदावर सई मी करनार ना? मंग वैशाखानंतर करनार.”

तिला बळाने कोणी ठेवून घेऊ शकत नव्हते. वाकायचे नाही, ओझे उचलायचे नाही, एकटे राहायचे नाही आणि उद्या परत यायचे, असे बजावून डॉक्टरांनी तिला घरी सोडले. वाटेत रिक्षात सहदेवाला एवढेच दिसत होते: कागदावरच्या त्या एका सहीवाचून बायजा आता कोणत्याही क्षणी जाऊ शकते, आणि ती सही तिच्याकडून मिळवण्याचा मार्ग त्याला ठाऊक नाही.

दिवेलागणीला त्याने चटया घातल्या. पण आज स्वतःची चटई त्याने भिंतीकडे टाकली आणि बायजाची दाराकडे. बायजा उंबऱ्यात थांबली.

“ह्ये काय? बाईमानसानं दाराशी निजायचं?”

“नीज.”

“लोक काय म्हनतील?”

“लोक आपल्या खोलीत निजायला येत नायत, बायजा. तू उजवीवर नीज. आता उजवीवर मी हाय.”

ती उजव्या कुशीवर आडवी झाली. चार महिन्यांनी त्यांची तोंडे एकमेकांसमोर आली. वीतभर अंतरावर तिचा चेहरा किती ओसरला आहे, हे सहदेवाने आज पाहिले.

“आदी का नाय सांगितलंस?” त्याने विचारले.

“तुमाला वाटलं रुसले. म्या म्हनलं, बरंच झालं. रुसलेल्या बाईला कुनी डाक्टरकडं नेत नाय.”

“पन लपवायचं कशापायी?”

बायजाने आवाज खाली आणला. “आईच्या काळजात गाठ हाय म्हनल्यावर शेलूची मान्सं लेकीकडं कसं बगतील? तिच्यातबी हाय का, तिच्या पोरांत येनार का, हज्जार इचारतील. आपली पोर अशी तपासून घेतील, बाजारात म्हस घेतात तशी. एकदा ती उजवली की मी सुटले.”

शेलूला नव्या इमारतीत राहणाऱ्या रूपेशशी समिधेचा विवाह ठरला होता. ओटीवर वह्या तपासत बसलेल्या समिधेने हे सारे ऐकले. ती आत आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आईबाबांबरोबर पनवेलला निघाली आणि पोहोचताच डॉक्टर हर्षद यांच्यापुढे जाऊन म्हणाली, “हा आजार आईकडून मुलांत येतो का?”

“बहुधा नाही,” ते म्हणाले. “शंभरांतल्या थोड्याच घरांत येतो. पण मुलांची एकदा तपासणी करून घ्यावी, हे मी तुम्हाला सांगणारच होतो.”

“मग आजच करा.”

ज्या बाकावर काल आई निजली होती त्याच बाकावर लेक निजली. तेवढा वेळ बायजा बाहेर बसून होती आणि तिने हातातल्या पिशवीचा बंद पिळून पिळून दोरी केला होता. स्वतःची गाठ ऐकताना जी बाई हलली नाही ती आता दार वाजले की उठून उभी राहत होती. पाऊण तासाने समिधा कागद घेऊन बाहेर आली. कागद स्वच्छ होता. तिने आईदेखत रूपेशला फोन लावला आणि कालपासूनचे सगळे, काहीही न वगळता, सांगितले.

दुपारी रूपेशची आई अंबाबाई स्वतः रुग्णालयात आली. स्थूल, मोठ्या आवाजाची बाई. जिना चढून दमली होती. देखरेखीसाठी बायजाला दिलेल्या खाटेवर टेकत तिने प्रथम श्वास घेतला आणि मग तोंड उघडले.

“विहीणबाई, मी खोटं बोलत नाय. फोन आला तवा पयलं मी ह्येच इचारलं, पोरीची तपासनी झाली का. झाली म्हनली, बरी हाय म्हनली. माजा जीव भांड्यात पडला. आता तुमी मला काय म्हनायचं ते म्हना.”

बायजाने पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला.

“पन तुमी इतं अशी छातीत गाठ घेऊन बसनार आनि मी तितं मांडव घालनार? अक्षता टाकताना हितं काय झालं तर ती पोर जल्मभर माज्या घरात रडल. मला सून पायजे, रडं नको. लगीन तुळशीच्या लग्नानंतर करू. तुमी तवर उभ्या ऱ्हावा. आनि तो रूपेश,” ती सहदेवाकडे वळली, “त्याला मी म्हनलं, थांबशील का रं? तर म्हनतो, इमारतीत लिफ्ट यायला दोन वर्सं थांबलोय, बायकोसाठी सा म्हैने थांबीन.”

समिधा हसली, आणि मग तोंड फिरवून रडली.

अंबाबाई गेल्यावर बायजाने कागद मागितला. तिला अक्षरओळख होती. चौथीपर्यंत शाळा झाली होती. तिने एकेक अक्षर ताणून स्वतःचे पूर्ण नाव लिहिले. लेखणी परत देताना ती सहदेवाला म्हणाली, “आंब्याचा राग हाय तो हायच हां. तो येगळा. तो या गाठीत धरू नका.”

“नाय धरत,” सहदेव म्हणाला. त्याला एवढे हलके कधी वाटले नव्हते.

शस्त्रक्रियेला चार तास लागले. सहदेव बाहेरच्या बाकावर हात मांडीवर उपडे ठेवून बसला होता. जे हृदय जन्मापूर्वी चालू लागते आणि ज्याला माणूस एकदाही विसावा विचारत नाही, ते भिंतीपलीकडे माणसांनी या घटकेला थांबवून ठेवले असेल, आणि पुन्हा चालू करण्याचे वचनही माणसांनीच दिले आहे, हा विचार त्याच्या मनात पुन्हा पुन्हा येत होता. तो विचार देवळात देव उभा असावा तसा त्याच्यासमोर उभा होता. त्यात भय होते आणि भयाहून मोठे असे काही होते, ज्याला त्याच्यापाशी नाव नव्हते.

दुपारी डॉक्टर हर्षद बाहेर आले. हृदय आपले आपण चालू लागले होते. त्यांनी काचेच्या भांड्यातला गोळा दाखवला. आवळ्याहून मोठा, पिवळसर, नितळ. सोललेल्या ताडगोळ्यासारखा लिबलिबीत. एवढ्या मऊ वस्तूने एवढी मजबूत बाई शेतात आडवी केली होती. आठ दिवसांनी तपासणीचा कागद आला. गाठ कॅन्सरची नव्हती. तरी पडद्यावर हृदय दाखवणारा तो इको दरवर्षी करावा लागेल, कारण अशी गाठ क्वचित पुन्हा उगवते, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

घरी आल्यावर तीन महिने बायजाला छातीला पट्टा बांधून उताणे निजावे लागले. कापलेले हाड सांधेपर्यंत कोणत्याच कुशीवर वळायचे नव्हते. सहदेव भिंतीकडे आणि बायजा दाराकडे, ही नवी मांडणी तशीच राहिली. शेजारच्या बायकांनी ती पाहिली, दोन दिवस चर्चा केली आणि सोडून दिली. यंदाची लावणी बायजाने ओट्यावर बसून पाहिली आणि वाकलेल्या बायकांच्या ओळी वाकड्या जात असल्याचे तेथूनच ओरडून सांगितले. तिचा आवाज खाचराच्या पलीकडच्या बांधापर्यंत ऐकू जात होता. वाक्य अर्ध्यावर तुटत नव्हते.

आषाढाच्या अखेरीस पनवेलला पुन्हा इको झाला. कप्पे मोकळे होते, झडप मोकळी होती. “आता हवं तसं झोपा,” डॉक्टर हर्षद म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणे झाल्यावर सहदेवाने चटया उचलल्या आणि जुन्या जागी टाकायला निघाला.

“ऱ्हाऊ द्या,” बायजा म्हणाली. “दाराशी वारा बरा लागतो.”

ती दाराकडच्या चटईवर बसली. छातीवरच्या व्रणावर तळहात ठेवून काही वेळ तशीच राहिली. मग एका हाताने जमीन धरून, फार सावकाश, डाव्या कुशीवर कलंडली. दारातून ओल्या खाचरांचा वास येत होता.

सहदेव भिंतीशी उठून बसला. आता तिचे तोंड दाराकडे होते आणि पाठ त्याच्याकडे. त्याने कान दिला. एक मिनिट गेले. दवाखान्यातले ते मिनिट त्याला आठवत होते. दुसरे गेले. तिसरे गेले. तिचे खांदे एका संथ लयीने वर येत होते आणि खाली जात होते.

“जागी हायस?” त्याने हळूच विचारले.

“हाय.”

“काय वाटतंय?”

“कायबी नाय,” ती म्हणाली. थोड्या वेळाने झोपाळलेल्या आवाजात तिने पुढे जोडले, “माज्या भावानं आपल्या झाडाची कोय परसात रुजवलीय. बांधावर जागा सोडा.”

“कुटं सोडू?”

तिला झोप लागली होती. सहदेव कितीतरी वेळ तसाच बसून त्या पाठीकडे पाहत राहिला, आणि तिने कूस बदलू नये असे त्याला वाटत होते.